कृष्णविवरातून एक्स-रे काहून निघते?

मागच्या एपिसोडनंतर अकोल्याहून एका पोराचा व्हॉइस मेसेज आला: “दादा, कृष्णविवरातून उजेडबी बाहेर येत नाही म्हणता, मंग एक्स-रे काहून निघते?”

एकदम रास्त सवाल. एक्स-रे विवरातून निघतच नाहीत, ते त्याच्या दाराबाहेर तयार होतात.

समजा, एक साधा तारा आणि एक कृष्णविवर एकमेकांभोवती फिरतायत. ताऱ्याचा वायू विवराकडे ओढला जातो. पण तो सरळ आत पडत नाही, आधीच फिरत असल्यामुळे त्याची भोवती तबकडी तयार होते. आतले पदर बाहेरच्यांपेक्षा जोरात फिरतात, घासतात, तापतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ वर गेला की आपला जीव जातो. तिथं आकडा कोटीच्या घरात! एवढी तापलेली वस्तू मुख्यतः एक्स-रेमध्येच चमकते.

पावसाळा सरला की चिखलदऱ्याला जाऊन श्रवण तारा शोधा. त्याच्याच गरुड तारकासमूहात जीआरएस १९१५+१०५ आहे. (नाव कसलं, आकाशातला पत्ताच तो.) सूर्याच्या सुमारे १२ पट वस्तुमानाचं विवर, जोडीदाराबरोबरची एक फेरी जवळपास ३४ दिवसांची. डोळ्यांना काही दिसणार नाही बरं का. मधे धूळ आहे, आणि एक्स-रे तर आपली हवाच गिळते. म्हणून उपकरण वर न्यावं लागतं.

२१ मार्च १९९६ ला इस्रोनं आयआरएस-पी३ सोडला. उपग्रह खरं तर जमीन पाहणारा, पण मुंबईच्या टीआयएफआरचे एक्स-रे डिटेक्टर त्यावर बसवले होते. १९९७ मध्ये त्यांना या विवराची चमक पुन्हा पुन्हा चढताना आणि काही सेकंदांत कोसळताना दिसली. मग तो वायू गेला कुठं? न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो. वायू त्यावर आपटला तर उजेड पडायलाच पाह्यजे. इथं तशी खूणच नाही. म्हणून या मंडळींनी मांडलं, की वायू घटना क्षितिजाआड गेला. तबकडीचा आतला भाग रिकामा होतो आणि पुन्हा भरतो, असंही काहींनी मांडलं. मला या वादातच जास्त मजा वाटते.

२८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट गेला, त्यावर टीआयएफआरचाच लॅक्सपीसी. त्यानंही हेच विवर पाहिलं. त्याचा जुना डेटा इस्रोच्या वेबसाइटवर खुला आहे, अमरावतीच्या कॉलेजातूनही उतरवता येतो.

आणि गंमत पाहा, १९९२ पासून भडकलेलं हे विवर २०१८ मध्ये एक्स-रेत अचानक मंदावलं. त्यावर पुढच्या एपिसोडमध्ये बोलू.