बीटाची साखर आणि युरोपची तिफण



गटसभांना गेलो की एक प्रश्न हमखास निघतो. "युरोपात साखर आपल्या दुप्पट भावाने खपते म्हणतात, मग आपली साखर तिकडं का जात नाही? तेवढाच टनामागं दर वाढला असता." प्रश्न रास्त आहे. २०२३ साली युरोपीय संघात साखरेचा भाव टनाला ८०० युरोंच्या वर गेला होता, म्हणजे किलोला सत्तर रुपयांच्या पुढे. अशा बाजारात माल घालायला कोणाला आवडणार नाही?

सरळ उत्तर असे की दाराला कुलूप आहे. बाहेरच्या पांढऱ्या साखरेवर युरोपीय संघाची टनाला ४१९ युरो जकात आहे. भारताला सवलतीचा एक कोटा आहे, पण तो केवढा? २०२३-२४ च्या हंगामासाठी अवघा ५,८४१ टन. रोज पाच हजार टन ऊस गाळणारा एक कारखाना एवढी साखर दहा-अकरा दिवसांत पोत्यात भरतो. सगळ्या देशाचा कोटा तो एवढाच!

पण कुलूप आहे एवढे सांगून भागत नाही. ते का आहे, आणि त्या कुलपाआडचा शेतकरी तरी सुखी आहे का, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण तिकडचा बीटवाला आणि इकडचा ऊसवाला यांचे दुखणे बरेचसे एकाच जातीचे आहे.

साखर ही लढाईतली चीज

बीटात साखर आहे हे मार्गग्राफ या जर्मन शास्त्रज्ञाने १७४७ साली दाखवून दिले. त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१-०२ च्या सुमारास पहिला कारखाना उभा केला. पण बीटाला खरे दिवस आले ते लढाईमुळे. नेपोलियन आणि इंग्रज यांच्या झुंजीत वेस्ट इंडीजच्या उसाची साखर फ्रान्सला मिळेनाशी झाली, तेव्हा १८११ साली नेपोलियनने ३२ हजार हेक्टरांवर बीट लावण्याचा हुकूम काढला. साखरेसाठी शत्रूच्या गलबतांवर विसंबायचे नाही, हा धडा युरोप तेव्हा शिकला. दुसऱ्या महायुद्धातल्या उपासमारीने तो पक्का झाला. पुढे युरोपीय समुदायाने १९६८ पासून साखरेला हमीभाव, कोटा आणि जकात असे तिहेरी कुंपण घातले.

कुंपणाच्या आत पीक जोमाने वाढले. इतके, की जादा साखर अनुदान देऊन जगाच्या बाजारात स्वस्तात ओतावी लागली. त्यावर ब्राझील, ऑस्ट्रेलिया व थायलंड यांनी २००२-०३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि २००५ साली युरोप अपिलातही हरला. २००६ पासून चार वर्षांत साखरेचा आधारभाव टनाला ६३१.९ युरोंवरून ४०४.४ युरोंवर, म्हणजे शेकडा ३६ ने खाली आणला गेला. जो कारखाना आपला कोटा कायमचा सोडील त्याला सुरुवातीस टनामागे ७३० युरो देऊ केले. त्या रकमेतला निदान दहावा हिस्सा बीट उत्पादक व यंत्रवाल्यांसाठी राखलेला होता. बाकीचे पैसे कारखानदाराच्या हाती गेले.

परिणाम काय झाला? ऐंशीच्या आसपास कारखाने बंद पडले. आयर्लंडमध्ये मॅलो गावचा शेवटचा कारखाना २००६ साली थांबला आणि त्या देशातला बीटाचा धंदाच संपला. लाटविया आणि स्लोव्हेनियाचेही तेच झाले. ज्या शिवारात पिढ्यान्‌पिढ्या बीट होते तिथे पीकच बदलले. कारखाना बंद पडणे म्हणजे नुसती एक चिमणी थंड होणे नव्हे, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

स्पर्धेत उतरा, असे सांगितले

पुढचे पाऊल ३० सप्टेंबर २०१७ ला पडले. त्या दिवशी कोटा पद्धत संपली. ज्याला परवडेल त्याने पिकवावे, असा नवा नियम. सगळ्यांनीच क्षेत्र वाढवले. टनेज वाढले आणि भाव कोसळला. २०१९ च्या सुरुवातीला तो टनाला ३२० युरोंच्याही खाली होता. चारच वर्षांत तो ८०० वर गेला आणि पुन्हा उतरला. असा भाव झोपाळ्यासारखा हलू लागल्यावर शेतकऱ्याने पेरणीचा निर्णय कशाच्या भरवशावर घ्यायचा?

एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. तिकडचे मोठे कारखाने बरेचसे शेतकऱ्यांच्याच मालकीचे आहेत. फ्रान्सची तेरेओस आणि हॉलंडची कोसून या सहकारी संस्था आहेत. जर्मनीच्या झ्यूडत्सुकर कंपनीतले बहुसंख्य भाग बीट उत्पादकांच्या सहकारी संस्थेकडे आहेत. तेव्हा "कारखाना तोट्यात" याचा अर्थ तिथेही "सभासद तोट्यात" असाच होतो.

धुराचा हिशेब

आता तिसरी बाजू. २००५ पासून युरोपात कारखान्याच्या धुराला किंमत लागली. किती टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला तितके परवाने जमा करायचे. कमी पडले तर बाजारातून विकत घ्यायचे. २०२३ च्या फेब्रुवारीत एका परवान्याचा भाव १०० युरोंपर्यंत गेला होता. टनभर चांगला कोळसा जाळला की दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. परवाना ८० युरोंचा धरला तरी टनभर कोळशामागे १६० युरोंहून जास्त बोजा पडला. साखर उद्योगाला काही परवाने फुकट मिळतात, पण ते हळूहळू कमी होत चालले आहेत.

इथे ऊस आणि बीट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपला ऊस स्वतःचे सरपण स्वतः घेऊन येतो. रस काढला की चिपाड बॉयलरला जाते, त्यावर कारखाना चालतो आणि वर वीजही विकता येते. बीटाचे तसे नाही. रस काढल्यावर उरतो तो ओला चोथा. तो जनावरांना घालतात, आणि तो सुकवायलाच उलट इंधन लागते. म्हणून बीटाचा कारखाना गॅस किंवा कोळशावर चालत आला. २०२२ साली रशिया-युक्रेन युद्धाने गॅस तुटला. एरवी वीस युरोंच्या आसपास असणारा गॅसचा भाव त्या ऑगस्टमध्ये मेगावॅट-तासाला ३०० युरोंवर गेला. धूर कमी करायचा म्हणून ज्यांनी कोळसा सोडून गॅस धरला, त्यांच्याच गळ्याला फास लागला.

त्याच वर्षी युक्रेनला मदत म्हणून त्या देशाच्या मालावरची जकात उठवली. पूर्वी तिथून साखरेचा बिनजकाती कोटा वीस हजार टनांचा होता. २०२२-२३ मध्ये चार लाख टनांवर साखर आली. युक्रेनला हात देणे योग्यच होते, त्याबद्दल वाद नाही. पण त्या हाताचे वजन पोलंड-हंगेरीच्या बीटवाल्याच्या खांद्यावर पडले. शेवटी २०२४ साली आयातीला मर्यादा घालावी लागली.

औषधाचेही तसेच. मधमाश्यांना घातक म्हणून २०१८ साली निऑनिकोटिनॉइड गटातल्या तीन कीटकनाशकांना उघड्या शेतात बंदी झाली. बीटावर मावा येतो आणि तो पिवळ्या रोगाचा विषाणू पसरवतो. २०२० साली फ्रान्समध्ये या रोगाने पिकाची मोठी नासाडी झाली. तात्पुरती सूट दिली गेली, पण जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने तीही चालणार नाही असा निवाडा दिला. महिन्याभरात शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर पॅरिसमध्ये शिरले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, "मधमाशी आम्हालाही हवी. पण जे औषध आम्हाला बंद, तेच फवारून पिकवलेली साखर बाहेरून का येऊ देता?" या प्रश्नाला सोपे उत्तर नाही.

सीमेवरचा कार्बन कर

याच प्रश्नावर काढलेला तोडगा म्हणजे सीमेवरचा कार्बन कर. युक्तिवाद असा : आपल्या कारखान्याला धुराचे पैसे भरावे लागतात, बाहेरच्याला नाहीत. मग धंदा बाहेर जाईल आणि धूर तेवढाच राहील. म्हणून बाहेरच्या मालाकडूनही धुराचे पैसे घ्यायचे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती मागवली गेली आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा काळ सुरू झाला. सिमेंट, लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, खते, वीज आणि हायड्रोजन यांच्यासाठी हा नियम केला. साखर त्या यादीत घातलेली नाही.

पण खत आहे, हे लक्षात घ्या. खताचा कारखाना वाचवायचा तर बाहेरच्या युरियावर कर बसतो, आणि तो युरिया विकत घेणारा कोण? तोच बीटवाला. एकाचे संरक्षण ते दुसऱ्याचा खर्च.

सप्टेंबर २०२४ मध्ये मारिओ द्राघी यांनी युरोपच्या स्पर्धाशक्तीवर मोठा अहवाल दिला. युरोपातल्या उद्योगांना वीज अमेरिकेच्या दोन-तीन पट महाग पडते, आणि मागे पडायचे नसेल तर दरसाल ७५० ते ८०० अब्ज युरो जादा गुंतवावे लागतील, असे त्यात म्हटले आहे. हवामानाचे उद्दिष्ट सोडा असे ते सांगत नाहीत. उद्योग, पुरवठा आणि हवामान यांची धोरणे वेगवेगळ्या खोल्यांत बसून ठरवू नका, हा त्यांच्या सांगण्याचा रोख आहे.

आम्हाला यात आपली तिफण दिसते. तिन्ही फण एका खोलीने चालले तरच पेर सारखी पडते. एक खोल रुतला आणि दुसरा वर तरंगला, तर बी वाया जाते आणि बैलही दमतात. युरोपने प्रत्येक फण चांगल्या हेतूनेच जोडला. पुरवठा हाती असावा, माल स्वस्त पडावा, हवा राहण्याजोगी राहावी, यातले चूक काय आहे? चूक एवढीच, की तिन्हींचा खर्च वेगवेगळ्या वह्यांत लिहिला गेला आणि बेरीज मात्र एकाच शेतकऱ्याच्या पदरात पडली.

आपण काय घ्यावे

ब्राझील व ऑस्ट्रेलियाने युरोपवर जसा दावा लावला तसाच, ग्वाटेमालाला सोबत घेऊन, भारतावरही लावला. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला आणि भारताने त्यावर अपील केले. तेव्हा अनुदानाच्या जोरावर निर्यात कायम चालेल, अशी मनाची समजूत कोणी करून घेऊ नये.

दुसरे, चिपाड हे आपले बळ आहे. पण नुसते चिपाड दाखवून हिशेब पुरा होत नाही. पाचट पेटवले, युरिया भरमसाट टाकला, पाण्यासाठी रात्रंदिवस मोटार चालवली, तर उसाचाही धूर वाढतोच. आज साखरेला हा हिशेब कोणी विचारत नाही, म्हणून उद्याही विचारणार नाही असे धरून चालू नये. खोडव्यात पाचट कुजवा, माती तपासून खत द्या, आणि कशाला काय लागले ते वहीत टिपून ठेवा. यात तूर्त तुमचाच खत-पाण्याचा खर्च वाचतो.

आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे. धोरण दिल्लीचे असो वा कारखान्याच्या संचालक मंडळाचे, त्याच्या बेरजेचा बोजा कोणावर पडणार हे विचारण्याचा हक्क सभासदाचा आहे. आयर्लंडच्या बीटवाल्यापर्यंत हा हिशेब पोचला तेव्हा कारखान्याला कुलूप लागले होते. आपण सर्वसाधारण सभेत ताळेबंद हातात घेऊन आधीच विचारावा. मागच्या रांगेत बसणाऱ्यांनीही.