पाऊणकीचा पाढा

ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाची एक बाजू २०२४ च्या ऑक्टोबरात खुली झाली आणि दुसरी २०२५ च्या जूनमध्ये. त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही नेरूळहून चेंबूरला साखरपुड्याला निघालो होतो. गाडी भाचा चालवत होता. त्याचा चौथीतला मुलगा खिडकीच्या काचेला नाक लावून बसला होता. खाली ओहोटी लागलेली, दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडलेला. अर्धा पूल झाला तेव्हा त्याने विचारलं, "आजोबा, हा नाला कुठे जातो?"

गाडीतले सगळे हसले. मला हसू आलं नाही. ज्या पाण्यात मी पोटऱ्या कापून घेतल्या, ज्या पाण्याने एका वर्षी आमचं घर चालवलं, त्याला आमच्याच घरातलं पोर नाला म्हणालं. पोराची चूक काहीच नाही. त्याला खाडी दाखवणारं कुणी उरलं नव्हतं, आणि त्या 'कुणी'मध्ये मी पहिला.

मानखुर्दचा जुना इतिहास मी भराभर सांगून टाकतो, कारण त्यात मी नव्हतो. १९२७ पासून शेजारी देवनारला मुंबईचा कचरा पडत आलेला. १९५४ साली तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, अणुशक्तीचं केंद्र आलं, १९५६ साली तिथे 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली. १९७३ साली वाशीचा पहिला पूल झाला. १९७६ साली, आणीबाणीत, जनता कॉलनी उठवून माणसं चिता कॅम्पला नेऊन टाकली. शहराला जे जवळ नको होतं, ते एकेक करून आमच्याकडे आलं. आम्हीही तसेच आलो. वडील चेंबूरच्या एका कारखान्यात, पगार तुटपुंजा आणि मानखुर्दला भाडं परवडणारं. हार्बरची लोकल तेव्हा इथेच संपायची. पुढे मिठागरं, खाजण आणि पाणी.

मला बोलायचंय ते १९८२ ते १९९२ या अकरा उन्हाळ्यांबद्दल.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. थोरला मामा परळच्या एका गिरणीत साच्यावर होता. एप्रिलपर्यंत त्याने कसंबसं रेटलं. मग मामीला आणि पोरांना गावी पाठवून तो एक वळकटी घेऊन आमच्याकडे आला. मी अकरा वर्षांचा. आईने सांगितलं, मामाला सुट्टी आहे. आमचीही परीक्षा संपली होती, तेव्हा यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. दोन आठवड्यांत मामा, मी, धाकटी बहीण आणि चाळीतली चार पोरं रोज खाडीवर दिसू लागलो.

आम्हाला गरवायला शिकवलं ते ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या माझ्या वर्गमित्राच्या वडिलांनी. त्यांना सगळे नाखवा म्हणायचे, आम्हीही. त्यांची छोटी होडी होती आणि बोलणं त्याहून थोडकं. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, हाताला गुंडाळू नको, बोट जाईल. शिसं नसेल तर नट बांध. बोयीला कोळंबी नको, ती कणकेवर येते. चिंबोरीला कोंबडीची आतडी, जितकी शिळी तितकी बरी. चिंबोरीसाठी लोखंडी कड्याला जाळं बांधलेलं असायचं, त्याला आम्ही फग म्हणायचो. आत आमिष बांधून तो उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी सोडायचा आणि एक विडी संपेपर्यंत थांबून झटक्यात वर ओढायचा. विडी नाखवांची. आम्हाला शंभर आकडे मोजायला सांगितलेले.

पण गळ-फगाच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "पाऊणकी येते का?"

मामाला येत होती. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं घोकून घेतलेलं. आम्हाला कुणी ते पाढे शिकवले नव्हते, कारण तोवर किलो आणि मीटर येऊन मुरले होते. नाखवांचं गणित असं: आजची तिथी घ्यायची आणि पाऊणने गुणायची, की भरती किती वाजता ते कळतं. द्वितीयेला बे पाऊण दीड. चतुर्थीला चार पाऊण तीन. अष्टमीला आठ पाऊण सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. खाडीत आत पाणी चढायला जरा वेळ लागतो, तेवढं वर धरायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पुनवेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी धावतं आणि मासाही. अष्टमीच्या आसपास भांग. "भांगाचं पाणी मेलेलं," नाखवा म्हणायचे, "घरी बसा."

घरात भिंतीवर 'कालनिर्णय' होतं. तेही पहिल्या पुलाइतकंच जुनं, १९७३ सालचं. आजी त्यात एकादशी बघायची आणि आम्ही भरती. त्या उन्हाळ्यात चाळीतली सहा पोरं सकाळी उठून आधी तिथी विचारत होती. आजीला वाटलं, मुलं धार्मिक झाली.

मामाची जागा ठरलेली. मिठागराच्या बांधावर एक मोडकी उघाडी होती. भरतीचं पाणी तिच्यातून आत शिरताना बोयींची झुंडच्या झुंड उड्या मारत यायची. ओहोटीला आम्ही चिखलात उतरायचो निवट्या धरायला. निवटी चिखलावर चालते, डोळे वटारून तुमच्याकडे बघते आणि हात घातला की बिळात. गुडघाभर गाळात पाय रुतलेला, तिवरांच्या मुळ्या बोचतायत, कालवांच्या शिंपल्यांनी पोटरी चिरलेली, आणि हातात वळवळणारी एक बोटभर निवटी. घरी गेल्यावर आजी ती राखेत घोळवून साफ करायची आणि कैरी घालून कालवण करायची. त्या वर्षी आमच्या घरात दीड महिना बाजारातून मासळी आली नाही, भाजीही क्वचितच. पगार एक आणि तोंडं आठ. मामा जेवताना पहिला घास घेताना जरा थांबायचा. ते का, हे मला कळायला पुढे वीस वर्षं लागली.

एकदा बांधावर मी त्याला विचारलं, "मामा, तुझी सुट्टी कधी संपते?"

तो तंगूस बोटावर तोलत होता. म्हणाला, "भरती आली की."

गिरणीत ती आलीच नाही. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही, आणि हजारो माणसांसारखा मामाही पुन्हा साच्यावर उभा राहिला नाही. पुढे त्याने रात्रपाळीचा वॉचमन होऊन संसार ओढला, पण दर मे महिन्यात चार दिवस काढून तो मानखुर्दला यायचाच. त्याच्यामुळे मावसभाऊ, आत्याचे यजमान, वडिलांचे कारखान्यातले दोन मित्र असा गोतावळा जमत गेला. भाकरी, कांदा, सुकटीची चटणी आणि पाण्याचा कॅन घेऊन पंधरा-पंधरा माणसं बांधावर. घरात एकमेकांशी धड न बोलणारे पुरुष तिथे पाण्याकडे तोंड करून चार-चार तास शेजारी बसायचे. वडील आणि मामा यांच्यात पैशांवरून एक जुनी अढी होती. ती मिटली असं मी म्हणणार नाही, पण खाडीवर ते एकाच डब्यातून आमिष घ्यायचे.

इथे एक हिशोब चुकता करतो. आमच्या चाळीत एक गृहस्थ होते, नळाच्या वेळा आणि नैतिकता यांचे स्वयंघोषित रखवालदार. मासे सार्वजनिक नळावर धुवायचे नाहीत, असा कागद त्यांनी जिन्यात लावला होता. खाली लिहिलं होतं, 'सुसंस्कृत रहिवाशांनी सहकार्य करावे.' १९८६ च्या मे महिन्यात, उधाणाच्या पाण्यात मामाच्या गळाला जिताडा लागला. जिताडा म्हणजे खाडीचा राजा. तो ओढायला तीन माणसं लागली आणि चाळीत आणला तेव्हा बादलीत मावेना. संध्याकाळी त्या गृहस्थांचा मुलगा दारात आला, "बाबांनी थोडासा मागितलाय, चवीपुरता." आजीने आमच्याच घरची पितळी वाटी भरून दिली. ती वाटी अजून परत आलेली नाही. नोंद असावी.

उतार कधी लागला? खाडीपलीकडे ठाणे-बेलापूरचा कारखान्यांचा पट्टा साठच्या दशकापासून होताच. अलीकडे आमचं देवनार, आणि दोन्ही काठांवरच्या वाढत्या वस्त्यांचं सांडपाणी. आमच्या उन्हाळ्यांच्या मागे हे सगळं चालू होतंच, आम्हाला मासा मिळत होता म्हणून दिसत नव्हतं. १९८९ च्या सुमारास एका दुपारी आजीने बोयीचं कालवण केलं. पहिला घास वडिलांनी घेतला आणि ताट सरकवलं. रॉकेलचा वास येत होता. आजीला वाटलं आपलाच हात स्टोव्हचा. तिने हात धुऊन दुसऱ्या बोयी शिजवल्या. त्यांनाही तोच वास. तिने पातेलं उचललं आणि बाहेर जाऊन उपडं केलं. अन्न टाकणाऱ्याला जन्मभर शिव्या देणारी ही बाई. नंतर ती तासभर कुणाशी बोलली नाही.

तरी आम्ही आणखी तीन उन्हाळे जात राहिलो. धरलेलं परत सोडायचो किंवा मांजराला घालायचो. मग १९९२ साली खाडीवरून रेल्वे गेली, मानखुर्द ते वाशी. मानखुर्द शेवटचं स्टेशन राहिलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिल्याच आठवड्यात सगळं कुटुंब नुसतं फिरायला म्हणून त्या गाडीने वाशीला जाऊन आलं. दोन वर्षांत वडिलांनी भविष्य निर्वाह निधी मोडला आणि नेरूळला घर घेतलं.

पुढची तीस वर्षं एका परिच्छेदाची. १९९७ ला दुसरा पूल. २००५ चा महापूर आणि त्याच वर्षी तिवरं तोडायला मनाई करणारा उच्च न्यायालयाचा आदेश, जो आला नसता तर आज काठाला इमारतीच असत्या. २०१० च्या ऑगस्टमध्ये बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं आपटली आणि तेल तिवरांपर्यंत आलं. २०१५ ला ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पश्चिम काठ धरून ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं. २०१६ ला देवनारच्या कचऱ्याला आग लागून मुंबईभर धूर. २०२२ ला खाडीला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय मान मिळाला. या सगळ्या बातम्या मी नेरूळमध्ये चहा पिताना वाचल्या.

फ्लेमिंगोंशी माझं भांडण नाही. देखणे पक्षी आहेत, मराठीत त्यांना रोहित म्हणतात. पण सांडपाण्यावर पोसलेलं शेवाळ त्यांना मानवतं, हे त्यांचे फोटो काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. ज्याने आमच्या बोयी गेल्या, त्यावर त्यांची पंगत बसते. आणि लांबलचक भिंगं रोखून बसलेली मंडळी, चौकटीत चिखलातून फग ओढणारा माणूस आला की त्याला बाजूला हो म्हणून हाका मारतात, हे मी स्वतः पाहिलंय. तिसऱ्या पुलाच्या कामामुळे ज्यांची मासेमारी बुडते त्यांना भरपाई द्यावी, असं २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. खाडीत अजून माणसं मासे धरतात, हे शहराला न्यायालयाकडून कळलं.

माझा वर्गमित्र त्यातलाच एक. २०२५ च्या मार्चमध्ये त्याने होडी विकली. त्याचा मुलगा एका कुरिअर कंपनीत आहे. मी भेटायला गेलो तेव्हा जेट्टीवर बसून आम्ही चहा प्यालो. मी नेहमीचं रडगाणं सुरू केलं: पूल, कारखाने, महापालिका, फोटोवाले. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू शेवटचा कधी गरवायला आलास?"

मी आठवत राहिलो.

"ब्याण्णव," तोच म्हणाला. "रेल्वे झाली त्या मे महिन्यात. वास तर तीन वर्षं येत होता. तेव्हा येत होतास."

हे मला झोंबलं, पोराच्या नाल्याहून जास्त. गेली तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की मासा खराब झाला म्हणून आम्ही खाडी सोडली. त्याचा हिशोब चोख होता. रॉकेलच्या वासाने आम्हाला घालवलं नाही, काही मिनिटांच्या लोकलने घालवलं. मामा त्यानंतरही दोन वर्षं मे महिन्यात एकटा येऊन बसायचा, हेही मला त्या दिवशी त्याच्याकडूनच कळलं. आम्ही तेव्हा नेरूळच्या घराच्या फरशा निवडत होतो. बांधावर पंधरा माणसं बसलेली असती, तर पाण्याचा रंग बदलताना निदान पंधरा माणसांनी आरडाओरडा केला असता. एकट्या मामाचं कोण ऐकणार होतं? गिरणीतही कुणी ऐकलं नव्हतं.

निघताना मित्राने मला नाखवांचा एक जुना फग दिला, जाळं नवं बांधून. तो आमच्या बाल्कनीत टांगलाय. बायको त्यात कांदे ठेवते.

साखरपुड्याहून परत येताना मी मागच्या सीटवर त्या पोराशेजारी बसलो. गाडीत विचारलं, आज तिथी कोणती? कुणालाच माहीत नव्हतं. भाच्याच्या बायकोने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, चतुर्थी. पोराला म्हटलं, चारला पाऊणने गुण. त्याने तीन चतुर्थांश मांडलं, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाला, तीन. मी म्हटलं, तीनला भरती, इथे आत जरा उशिरा. गाडीच्या घड्याळात साडेतीन वाजत होते. आम्ही पुलावर आलो. सकाळचा काळा चिखल कुठेच नव्हता. या काठाच्या तिवरांपासून त्या काठाच्या तिवरांपर्यंत पाणी तटतटून भरलं होतं.

पोर बराच वेळ काही बोललं नाही. मग म्हणालं, "बाबा, गाडी थांबव ना."

भाचा म्हणाला, "पुलावर थांबता येत नाही, राजा."