थिबाचं बिऱ्हाड, सरकारचा हिशेब
(लेखमाला : किनाऱ्यावरचे नजरकैदी – भाग 4)

रत्नागिरीची निवड का झाली ते गेल्या आठवड्यात पाहिलं. रेल्वे नाही, घाट अवघड आणि पावसाळ्यात बोटी बंद. पळून जायचं म्हटलं तरी जाणार कुठे! आता प्रश्न पुढचा. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा इंग्रज सरकारने ठेवून तर घेतला, त्याचा संसार चालवायचा कसा?

16 एप्रिल 1886 रोजी ‘क्लाइव्ह’ बोटीतून थिबा इथे उतरला तेव्हा तो अवघा 27 वर्षांचा होता. सोबत पट्टराणी सुपयालत, धाकटी राणी सुपयागले, तीन चिमुकल्या मुली (त्यातली धाकटी वाटेत मद्रास मुक्कामी जन्मलेली) आणि ब्रह्मी नोकरचाकर. चौथी मुलगी पुढच्याच वर्षी रत्नागिरीत झाली. त्याआधी 1858 मध्ये सरकारने दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला धाडलं होतं. 28 वर्षांनी तिकडचा राजा इकडे आला. उलटसुलट पाठवणीची ही पद्धत सरकारला पसंत पडलेली दिसते.

या बिऱ्हाडावर एक पोलिटिकल ऑफिसर नेमला होता. त्याच्यावर मुंबई सरकार, मुंबईवर हिंदुस्थान सरकार. ब्रह्मदेश 1 जानेवारी 1886 पासून ब्रिटिश हिंदुस्थानात सामील झाला होता, त्यामुळे मंडालेचा राजा रत्नागिरीला हलवणं हा कागदोपत्री घरातल्या घरातलाच मामला. पण या उतरंडीचा परिणाम असा की, घरातली साधी गोष्टसुद्धा अर्ज होऊन वर जायची आणि शेरा होऊन खाली यायची. कुणाला भेटायचं, आवाराबाहेर कधी पडायचं, सगळं परवानगीने.

खरी ओढाताण पैशांची. थिबाला तनखा होता, पण हात राजाचा होता. खर्च आवरेना, तेव्हा मंडालेहून आणलेले माणिक-हिरे एकेक करून व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ लागले, तेही पडत्या भावाने. मग सरकार खर्चात अधिकच लक्ष घालू लागलं. थिबाच्या बाजूने बोलायचं तर, ज्याने कधी बाजारभाव विचारला नाही त्याला महिन्याचं अंदाजपत्रक पाळायला लावणं हीच एक शिक्षा होती. त्यातून सुपयालतचा मान! नोकरांनी तिच्यासमोर दरबारी रिवाजाप्रमाणे जमिनीवर वाकूनच वावरायचं. मायदेशाहून आलेली माणसं कंटाळून परतत, त्यांच्या जागी रत्नागिरीची माणसं येत. त्यांना या रिवाजाचं काय वाटलं असेल, त्याची कल्पना रत्नागिरीकर वाचकाने स्वतःच करावी.

आज आपण बघायला जातो तो राजवाडा उशिरा आला. साडेचोवीस वर्षं हे कुटुंब भाड्याच्या बंगल्यांत राहिलं आणि 1910 च्या नोव्हेंबरात खाडीकडे तोंड केलेल्या नव्या वास्तूत गेलं. जांभ्याचा चिरा, सागवान, खिडक्यांच्या कमानींत रंगीत काचा. दोन वर्षांत सुपयागले वारली, सहा वर्षांत थिबा.

मला या कारभारातली सर्वांत मोठी चूक वाटते ती मुलींच्या बाबतीतली. बंदोबस्ताचा आराखडा राजा-राणीसाठी होता. चार मुली वाढणार, वयात येणार, याचा रकाना त्यात नव्हता. राजरक्ताचाच जावई हवा, हा आईबापांचा हट्ट. ब्रह्मी राजघराण्यातल्या तरुणांना जवळ येऊ द्यायचं नाही, ही सरकारची धास्ती. या दोहोंत वर्षं गेली. मुली मराठी बोलायला शिकल्या, आणि 1906 मध्ये थोरल्या राजकन्येला घरच्याच एका मराठी नोकरापासून मुलगी झाली. तिचं नाव टुटू. दुसरीचं लग्न झालं ते बाप गेल्यावर, 1917 मध्ये.

डिसेंबर 1916 मध्ये थिबा गेला, तरी सरकारची धास्ती गेली नाही. देह मायदेशी न्यायचा म्हणून सुपयालतने दफन होऊ दिलं नाही. सुपयागलेचा देह तर 1912 पासून तसाच ठेवलेला. मंडालेत राजाची समाधी झाली तर ती लोकांचं एकत्र येण्याचं ठिकाण होईल, ही सरकारची भीती उघड होती. अखेर मार्च 1919 मध्ये राणीच्या इच्छेविरुद्ध दोघांनाही रत्नागिरीतच मूठमाती दिली गेली. पुढच्याच महिन्यात सुपयालत मुलींसह रंगूनला परतली आणि 1925 मध्ये तिथेच वारली.

थोरली राजकन्या मात्र फिरून रत्नागिरीला आली आणि 1947 मध्ये इथेच गेली. टुटूचं आयुष्य रत्नागिरीत, हलाखीत गेलं. ती वारली 2000 मध्ये. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर आले होते. राजवाडा पाहून परतणाऱ्यांनी शिवाजीनगरातल्या या समाधीकडेही जरूर वळावं; गर्दी नसते.

(पुढील आठवड्यात : सावरकरांची रत्नागिरीतली स्थानबद्धता)