हबशी मलिक अंबर दख्खनचा कसा झाला?

आमची भिलाई बाहेरून आलेल्यांनीच भरली. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, पोलाद कारखाना उभा राहिला आणि देशभरातून आलेली माणसं इथली झाली. तरी आपल्याकडे एखादा आफ्रिकी विद्यार्थी रस्त्यात दिसला की मागून ‘हबशी’ म्हणून हसणारे भेटतातच. हबशी म्हणजे मुळात हबसाण, आजच्या इथिओपियाकडचा माणूस, शिवी नव्हे. म्हणून आज मलिक अंबर.

१५४८च्या सुमारास जन्मलेलं हे पोर गुलाम म्हणून विकलं गेलं. हात बदलत बदलत ते अहमदनगरला चंगीझखानाकडे आलं. हा चंगीझखान स्वतः हबशी, आणि निजामशाहीचा पेशवा! म्हणजे दख्खनमध्ये गुलामाला वर चढायची वाट होती. मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतलं, तेव्हा निजामशाही वंशातला वारस गादीवर बसवून यानेच राज्य सावरलं.

आता फौजी नजरेने बघा. बाहेरचा सेनापती सहसा आपली पद्धत लादतो. अंबरने मराठा बारगिरांची पद्धत उचलली: हलका घोडा, डोंगराचा आडोसा, रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि पसार व्हायचं. मोगलांचा अवजड तोफखाना यापुढे थकला. १६२४ ला भातवडीत मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या, तर त्याने तलावाचं पाणी सोडून त्यांच्या छावणीत चिखल केला. शहाजीराजे तिथे त्याच्याच बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी पडले.

पण तलवारीने माणसं किती दिवस बांधली जातात? अंबरने जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला, मक्तेदारी मोडली, गावच्या पाटलाला जबाबदार धरलं. त्याची पत्रं मराठीतही आहेत. रयतेच्या भाषेतला कागद, ही मला भातवडीपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

१६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणलं. तिथल्या मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्यांना मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी यांची नावं दिली गेली, असं सांगतात. नव्या शहरात आपल्या सरदारांच्या नावाचे पुरे!

सगळं गोडच होतं असं नाही. लखुजी जाधवराव मोगलांकडे गेले आणि १६१६ मध्ये रोशनगावला अंबरचा पराभव झाला. पुढे शहाजीराजेही दुरावले. त्या काळी निष्ठा वतन आणि मानावर चाले, आणि अंबरलाही हे ठाऊक असणार.

त्याच्या रंगावरून खिजवणारा माणूस मात्र वेगळाच होता: बादशहा जहांगीर. आठवणींत त्याने अंबरला शिव्या दिल्यात. अबुल हसनकडून त्याने एक चित्र काढून घेतलं, त्यात तो भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या डोक्याला बाण मारतोय. प्रत्यक्षात ते डोकं त्याला कधीच मिळालं नाही. उलट शिवाजी महाराजांच्या पदरच्या कवी परमानंदाने ‘शिवभारता’त भातवडीची लढाई सांगताना याच अंबरच्या पराक्रमाची तारीफ केली आहे.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, अंबर वारला. कबर खुलताबादेत आहे. वेरूळची लेणी बघायला जाल तेव्हा तिथून ते जवळच आहे. गाडी तेवढी पुढे न्या.