पंचांगात नसलेले ग्रहण

तुम्ही हे वाचताय तो रविवार. पुरवणीचे पान मात्र आधीच छापायला जाते, म्हणून मी लिहितोय गुरुवारी, ३१ जुलै २०२५ला. तरीही बेधडक लिहितो: काल, शनिवारी २ ऑगस्टला, जगात कुठेही सहा मिनिटांचा अंधार झाला नाही. पुण्यात आमच्या वारज्यात वीज गेली असेल तर ती गोष्ट वेगळी.

हा मेसेज तुमच्याकडे आला नाही असे होणे अवघड आहे. 'शतकातले सर्वांत मोठे सूर्यग्रहण, सगळी पृथ्वी सहा मिनिटे काळोखात, पुन्हा शंभर वर्षे असे होणार नाही.' आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो महिनाभर फिरतोय. कोणी टाकला, कोणी हात जोडले, कोणी 'मुलांना दुपारी खाली सोडू नका' म्हणून पुस्ती जोडली. विज्ञानावर थोडेफार लिहिणारा म्हणून मला राहवेना. चंद्राची सावली केवढी असते, ती कुठून जाते, ती पूर्ण पृथ्वीवर का पडू शकत नाही, असा बारा ओळींचा खुलासा मी टाकला. त्याला एक अंगठा आला. तो माझ्या बायकोचा होता.

वाद मिटवला तो दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांनी लिहिले, 'शनिवारी अमावस्या नाही. ग्रहण कसले?'

संपले. सूर्यग्रहण अमावस्येलाच होते, कारण चंद्र पृथ्वी आणि सूर्याच्या मधे येतो तो त्याच दिवशी. दिव्यांची अवस होऊन गेली २४ जुलैला. गेल्या मंगळवारी नागपंचमी झाली, येत्या शनिवारी राखीपौर्णिमा. मधल्या अष्टमी-नवमीचा अर्धा चंद्र संध्याकाळी डोक्यावर असतो. तो भर दुपारी सूर्याला झाकणार कसा? भिंतीवरचे कालनिर्णय पाहायला लागतात दहा सेकंद. माझ्या एका बुद्धिवादी मित्राला मी पंचांगाची बाजू घेतलेली आवडणार नाही. पण पंचांगातले मुहूर्त सोडून दिले, तर उरते ते चंद्रसूर्याचे गणित, आणि ते आपल्या आज्यांना तोंडपाठ असते.

गंमत अशी की हा मेसेज सगळाच खोटा नाही. २ ऑगस्टला खग्रास ग्रहण आहेच, फक्त २०२७ साली. त्या दिवशी अमावस्याही आहे. सावलीचा पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, इजिप्त, मक्का असा जाईल आणि इजिप्तमध्ये लक्सॉरजवळ खग्रास स्थिती ६ मिनिटे २३ सेकंद टिकेल. जमिनीवरून दिसणाऱ्या ग्रहणांत एवढे लांब ग्रहण या शतकात पुन्हा नाही. पुण्यातून ते खंडग्रास दिसेल, पावसाने दिसू दिले तर. शतकातले खरे सर्वांत लांब ग्रहण २२ जुलै २००९ रोजी होऊन गेले, ६ मिनिटे ३९ सेकंदांचे. त्याची सावली आपल्या शेजारच्या सुरतेवरून, पुढे वाराणसी-पाटण्यावरून गेली होती.

म्हणजे झाले काय, तर साल गळाले, 'पट्टा' गळाला आणि 'जमिनीवरून' हा शब्द गळाला. उरलेले वाक्य जगभर फिरले. विज्ञानाच्या ढकलपत्रांबद्दल माझे मत हळूहळू असे झाले आहे की ती रचणारा कोणी बिलंदर माणूस क्वचितच असतो. बहुतेकांचा जन्म खऱ्या बातमीतून होतो आणि प्रवासात त्यांचे अर्धे वाक्य पडते.

याचा सर्वांत देखणा नमुना मंगळाचा. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. तो इतका जवळ जवळपास साठ हजार वर्षांत आला नव्हता. तेव्हाच्या ईमेलमध्ये लिहिले होते की ७५ पट मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिल्यास मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसेल. वाक्य बिनचूक होते. पुढे दुर्बीण गळाली, मग सालही गळाले आणि आता दर ऑगस्टमध्ये 'आकाशात दोन चंद्र' उगवतात. यंदा २७ ऑगस्टला गणपती बसताहेत. मंगळही येईलच, तयारी ठेवा.

जुलैतला मेसेज आठवतो का? 'पृथ्वी सूर्यापासून ९ कोटी किलोमीटरवर असते, आता १५ कोटी २० लाखांवर जाणार, ६६ टक्के दूर, म्हणून थंडी वाढेल, सर्दीखोकल्याची काळजी घ्या.' यातला १५ कोटी २० लाखांचा आकडा खरा आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती एवढीच. पण जानेवारीत सर्वांत जवळ असते तेव्हाही अंतर १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. मग ९ कोटी आले कुठून? सूर्याचे सरासरी अंतर ९ कोटी ३० लाख मैल आहे. कुणीतरी एक आकडा मैलांत घेतला, दुसरा किलोमीटरमध्ये, आणि वजाबाकी केली. हे समजले तेव्हा मला राग आला नाही, शाळेतले गणिताचे पेपर आठवले.

हे सगळे हसण्यावारी नेता येते. जानेवारीतले नेता आले नाही.

मुठा नदीच्या पलीकडच्या काठावर, नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला भागात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण सापडू लागले, आकडा पुढे दोनशेच्या वर गेला आणि काही जण दगावले. राष्ट्रीय विषाणू संस्थेने (एनआयव्ही) रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले. त्यातल्या काहींत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या अन्नातून हे पोटात जातात. बहुतेकांना जुलाब होतात आणि थांबतात. अगदी थोड्या जणांत पुढचे घडते: कॅम्पायलोबॅक्टरच्या वेष्टनावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात, त्यामुळे जंतूंवर सोडलेली शरीराची फौज स्वतःच्याच मज्जातंतूंवर चालून जाते. पायातली ताकद जाते, हात लुळे पडतात. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही.

आमच्या ग्रुपवर यातले काय पोचले? 'जीबीएस पसरतोय, पाण्यातून. धायरी-नांदेड टाळा.' पसरू शकतो तो जंतू, आजार नव्हे; हे अर्धे वाक्य वाटेत पडले. धायरीहून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना दोन घरांनी सांगितले, 'आठ दिवस येऊ नका.' पगार कापला की नाही, मी विचारले नाही. विचारायला हवे होते. चिकन आणि पनीर यांवरून त्याच आठवड्यात ग्रुपवर जे घनघोर युद्ध झाले, त्यात 'नीट शिजवून खा' हा सल्ला कुणालाच रंगतदार वाटला नाही.

व्हॉट्सॲपवर एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज ढकलता येतो, ही मर्यादा भारतात आली जुलै २०१८ मध्ये. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले होते. पुढे एप्रिल २०२० पासून दोन बाणांची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ते दोन बाण म्हणजे 'हा बराच हिंडून आलाय' एवढेच. आमच्याकडे त्यांचा अर्थ 'खात्रीचा' असा लावला जातो.

आणि मग 'नासा'. ज्या मेसेजमध्ये दम नसतो त्याच्या कपाळावर नासाचा टिळा असतो. इथे मला खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आठवतात. ते २० मेला गेले, तेव्हा याच ग्रुपवर त्यांच्या फोटोखाली भावपूर्ण श्रद्धांजलींची रांग लागली होती, आणि नंतर त्याच हातांनी काळोखाचे मेसेज पुढे गेले. नारळीकर केंब्रिजला शिकलेले, फ्रेड हॉयलबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडलेले, पुढे आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारे. पण मराठीत विज्ञानकथा लिहायची ठरवली तेव्हा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरे उलटी केली की नाविज होतात, त्यावरून. आपल्या नावाच्या वजनाने परीक्षक झुकू नयेत म्हणून. कथेला पहिले बक्षीस मिळाले. वजनदार नाव असलेला माणूस ते काढून मजकूर पाठवत होता. आपण बिनवजनाच्या मजकुरावर वजनदार नाव चिकटवून पाठवतो.

त्यांची दुसरी सवय मला जास्त मोलाची वाटते. मुले सही मागायला आली की ते द्यायचे नाहीत. सांगायचे, विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठव, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन. पन्नास पैशांच्या त्या कार्डासाठी मुलाला आधी प्रश्न सुचावा लागे, मग तो नेमका लिहावा लागे, कारण जागाच तेवढी. ढकलायला काही सुचावे लागत नाही.

आमच्या शास्त्रज्ञांबद्दलही थोडी तक्रार आहे. खुलासे येतात ते इंग्रजीत, उशिरा आणि चार परिच्छेदांचे. करोनाच्या काळात देशभरातल्या शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन अफवांचे खुलासे मराठीसह अनेक भाषांत केले होते, थाळीनादाच्या कंपनांनी विषाणू मरतो इथपासून. ते काम साथीबरोबर ओसरायला नको होते. आणि आम्ही पत्रकार तरी काय करतो? 'दोन ऑगस्टला खरेच अंधार?' असा मथळा देऊन उत्तर सहाव्या परिच्छेदात. या लेखाचा मथळाही काही फार सोज्वळ नाही. पण माझा बारा ओळींचा खुलासा आणि आजींचे पाच शब्द शेजारी ठेवले, तर खुलासा कसा लिहावा हे मला साठीत कळले म्हणायचे.

ढकलायचेच असेल तर एक चांगली बातमी देतो, साल-तारखेसकट. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी ७ सप्टेंबर २०२५ रोजी, खग्रास चंद्रग्रहण आहे. भारतातून पूर्ण दिसेल. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी सावली लागेल, ११ ते १२ वाजून २२ मिनिटे चंद्र तांबूस राहील, १ वाजून २६ मिनिटांनी सुटेल. दुर्बीण नको, चष्मा नको, गच्चीची किल्ली मात्र आधी मागून ठेवा. त्या दिवशी पौर्णिमा आहे. आजींना विचारून घेतले.