हाली की कलदार? आजोबांच्या पेटीतील युद्धकाळातील नाण्याची खरी किंमत अशी ओळखा

छत्रपती संभाजीनगर : शहागंज, सराफा, सिटी चौक भागातील जुन्या घरांत पेटी उघडली की अनेकदा दोन राज्यांची नाणी एकत्र निघतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९३९-४५) हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. व्यवहार संस्थानच्या ‘हाली’ रुपयात चाले, तर इंग्रजांच्या रुपयाला ‘कलदार’ म्हणत. ७ हाली म्हणजे साधारण ६ कलदार, असा हिशेब होता. आज हीच नाणी कुणी वजनावर मोडीत काढतो, तर कुणी ‘एका नाण्याचे १० लाख’ अशा व्हिडिओला भुलून पदरचे पैसे घालवतो. दोन्ही टाळायचे तर आधी चार गोष्टी तपासा.

१. नाणे कोणाचे, कोणत्या सालचे?
कलदारवर सहाव्या जॉर्ज राजाचा मुखवटा आणि इसवी सन असतो. हालीवर चारमिनार आणि त्याच्या कमानीत मीर उस्मान अली खान यांच्या नावाचे ‘ऐन’ हे अक्षर दिसते. साल उर्दू आकड्यांत आणि हिजरी सनात असते. युद्धकाळापुरते सोपे गणित म्हणजे हिजरी सनात ५८१ मिळवा. १३६२ + ५८१ = १९४३. म्हणजे १३५८ ते १३६४ ही साले युद्धकाळातील.

२. धातू कोणता?
१९३९ पर्यंतच्या कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. युद्धामुळे चांदीची चणचण भासली आणि १९४० पासून प्रमाण ५० टक्क्यांवर आले. चांदी ग्रॅमला १०० रुपये धरली, तर :
- १९३८ चा रुपया : १०.६९ ग्रॅम चांदी, सुमारे १,०६९ रुपये
- १९४४ चा रुपया : ५.८३ ग्रॅम चांदी, ५८३ रुपये

ही झाली किमान किंमत. त्या दिवसाचा भाव घालून हाच गुणाकार करा. सराफ मोडीत काही घट धरतो, हेही लक्षात ठेवा. १९४७ चा रुपया मात्र निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो.

तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून मधोमध भोक असलेला पैसा निघाला. निकेल युद्धसामग्रीकडे वळल्याने १९४२ पासून आणे पिवळसर मिश्रधातूचे झाले. हैदराबादनेही भोकाची दोन पै काढली. ही नाणी आठवणीसाठी मोलाची. पण ती प्रचंड संख्येने पाडली गेल्याने सर्वसाधारण नाण्याला मोठा भाव मिळत नाही.

३. दुर्मीळ आहे का?
जुने म्हणजे महाग, हा गैरसमज आहे. १९३९ चा कलदार रुपया संग्राहकांत अतिशय दुर्मीळ मानला जातो, तर १९४४ आणि १९४५ चे रुपये सहज मिळतात. म्हणूनच १९३९ च्या नावाखाली बनावट नाणीही फिरतात. वजन, कड आणि आकड्यांची ठेवण जाणकाराला दाखवल्याशिवाय सौदा करू नका. एकाच सालात टांकसाळीच्या खुणेनेही भाव बदलतो.

४. अवस्था कशी आहे?
चिंच, राख किंवा पॉलिशने नाणे घासू नका. घासलेली चमक संग्राहक लगेच ओळखतो आणि किंमत पाडतो. कडेला धरा, कागदी पाकिटात वेगवेगळे ठेवा.

भाव कुठे पाहायचा?
ऑनलाइन जाहिरातीत दिसते ती विकणाऱ्याची अपेक्षा. नाणी लिलावात प्रत्यक्ष विकले गेलेले दर पाहा, तेही त्याच सालाच्या, त्याच खुणेच्या आणि तशाच अवस्थेतील नाण्याचे. नाण्यांच्या अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे स्वतंत्र संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे.

हे मात्र करू नका
जुनी नाणी विकून देतो म्हणत कुणी नोंदणी शुल्क, कमिशन किंवा कर आधी मागितला, तर थांबा. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नसते आणि असे शुल्कही घेत नाही, असा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे. खरा खरेदीदार नाणे पाहतो आणि पैसे देतो. आधी पैसे मागत नाही. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.