गर्भाभोवतीचे पाणी वाढले तर

लेकीसुनेचे पोट महिन्यांच्या मानाने फार मोठे दिसते, धाप लागते? ‘जुळे असेल’ म्हणून गप्प बसू नका. गर्भजल वाढलेले असू शकते.

बाळ हे पाणी गिळते आणि लघवीवाटे पुन्हा सोडते. त्याची अन्ननलिका बंद असली, तर पाणी साठते. आईच्या मधुमेहानेही वाढते. पुष्कळदा कारण सापडत नाही.

अशा वेळी बाळ आडवे राहते, कळा दिवसांआधीच येतात. पाणमोट फुटताच नाळ बाळाआधी खाली घसरली, तर त्याच्या जिवावर बेतते.

म्हणून सोनोग्राफी आणि साखरेची तपासणी करून घ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची तपासणी मोफत होते. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करा. घरी पाणमोट फुटली, तर तिला चालवू नका. डाव्या कुशीवर निजवा आणि 108 ला फोन लावा.